गळ्यातले मडके, कमरेचा झाडू आणि आजच्या ‘इको-फ्रेंडली’ वस्तू

महाराष्ट्र सरकारने २०१८ मध्ये प्लास्टिकबंदी जाहीर केली. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. या काळात शहरांतल्या दुकानांत आणि मोबाईलवरच्या बाजारात एक नवी यादी दिसू लागली. पाण्याचा माठ, मातीचा कप, शिंदीची केरसुणी, बांबूची टोपली, पळसाच्या पानांची पत्रावळ, नारळाच्या करवंटीची वाटी, जुन्या साडीची गोधडी, कोल्हापुरी चप्पल. ‘घर ग्रीन करायचे तर या वस्तू आणा’, असा सल्ला सगळीकडे मिळतो. सोबत एक वाक्य हमखास असते : आपले पूर्वज निसर्गाशी एकरूप होऊन जगत होते, आपण ते विसरलो.

आमचा या वस्तूंना विरोध नाही. त्यातल्या बहुतेक वस्तू आमच्या वस्त्यांत आजही वापरात आहेत आणि त्या चांगल्या आहेत. आमचा प्रश्न त्या वाक्यातल्या ‘आपले पूर्वज’ या दोन शब्दांना आहे. कोणाचे पूर्वज? माठातले थंड पाणी पिणाऱ्याचे, की ज्याच्या गळ्यात मडके बांधले गेले त्याचे? केरसुणीची पूजा करणाऱ्याचे, की ती वळून गावकुसाबाहेर परत जाणाऱ्याचे? ही यादी आमच्यासाठी खरेदीची यादी होण्याआधी इतिहासाची यादी आहे. म्हणून ती एकेका वस्तूने वाचू.

मडके

मातीचे भांडे आणि गवताचा झाडू यांच्याइतकी निसर्गात सहज मिसळून जाणारी वस्तू सापडणार नाही. आणि याच दोन वस्तू आमच्या पूर्वजांच्या अंगावर बांधल्या गेल्या. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, म्हणजे त्याची पावले उमटलेली धूळ मागच्या मागे झाडली जाईल. आणि थुंकी जमिनीवर पडू नये म्हणून गळ्यात मडके अडकवावे लागे. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये हे नोंदवले आहे. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले ते भाषण होऊ दिले गेले नाही, हेही आपल्याला माहीत आहे.

मडके का, तांब्याचे भांडे का नाही? यामागे एक पूर्ण शास्त्र होते. धातूचे भांडे राखेने घासले, आगीत तापवले की शुद्ध होते; मातीचे भांडे विटाळ पिऊन घेते, म्हणून ते टाकून द्यायचे, अशी समजूत होती. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळाने गावाबाहेर राहावे, फुटक्या भांड्यात खावे, प्रेतावरची वस्त्रे नेसावीत, असे नियम घातले आहेत. म्हणजे कोणी कशात खायचे, काय नेसायचे हे ठरवून दिलेले होते. आज ज्याला ‘रियूज’ म्हणून कौतुकाने सांगतात, तो त्या ग्रंथात शिक्षेचा भाग होता.

‘वापरा आणि फेका’ ही कल्पना प्लास्टिकने आणली असे आपण समजतो. मातीचा कप आणि पानाची पत्रावळ त्याआधी शेकडो वर्षे वापरून फेकली जात होती, आणि त्यामागे सोयीबरोबर उष्ट्याचे व विटाळाचे भयही होते. पंगत उठल्यावर त्या पत्रावळी कोणी उचलायच्या आणि त्यांत उरलेले कोणाच्या पोटात जायचे, हे दलित आत्मकथनांनी पुरेसे सांगितले आहे.

करवंटीचेही तसेच. तमिळनाडूतल्या खेड्यांत चहाच्या टपरीवर दलितांना नारळाच्या करवंटीत चहा देण्याची रीत होती. पुढे करवंटी गेली आणि ‘दोन पेल्यांची पद्धत’ आली : सवर्णांचा पेला वेगळा, दलितांचा वेगळा. महाराष्ट्रातल्या गावांतही हॉटेलबाहेर वळचणीला ठेवलेली वेगळी कपबशी आमच्या आजोबांच्या पिढीने पाहिली आहे. प्यायची, स्वतः विसळायची आणि परत तिथेच ठेवायची.

मडक्याचा आणखी एक उपयोग महाडला झाला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आपले लोक चवदार तळ्याचे पाणी प्यायले. त्यानंतर सनातन्यांनी ते तळे ‘शुद्ध’ करून घेतले. त्यासाठी १०८ मातीच्या घागरी आणल्या आणि शेण, गोमूत्र, दूध, दही वापरले. माती तीच, पाणी तेच. माणसाच्या स्पर्शाने बाटलेले पाणी शेणाने पवित्र झाले.

२००४ मध्ये लालूप्रसाद यादव रेल्वेमंत्री असताना रेल्वे स्थानकांवर मातीच्या कुल्हडातून चहा देण्याची घोषणा झाली. कुंभारांना काम मिळावे हा त्यातला हेतू आम्हाला मान्य आहे. आणि एक फरकही लक्षात घ्यावा. रेल्वेतला कुल्हड सगळ्यांना सारखाच मिळतो. पेला एकच असेल तर तो मातीचा आहे की काचेचा, हा पर्यावरणाचा प्रश्न उरतो. पेले दोन असतील तर तो जातीचा प्रश्न असतो.

केरसुणी आणि दोर

दिवाळीत लक्ष्मीपूजनाला मराठी घरात नवी केरसुणी आणतात, तिला हळदकुंकू वाहतात. केरसुणी म्हणजे लक्ष्मी. ती शिंदीच्या पानांची असते. शिंदीचे फडे तोडून आणायचे, वाळवायचे, चिरायचे, मूठ बांधायची, हे काम पिढ्यान्‌पिढ्या मातंग समाजाने केले. लक्ष्मी घरात गेली आणि तिला घडवणारा उंबऱ्याबाहेर उभा राहिला. घरात आल्यावर जिची पूजा होते, तिला वळणाऱ्या हातांचा विटाळ कसा होतो, हा प्रश्न त्या घरांत कधी विचारला गेला नाही.

दोराची गोष्ट याहून बोलकी आहे. अंबाडी आणि केकताड कुजवून, धुऊन, त्याचा वाख काढून मातंग कारागीर दोर वळत. बैलांचे कासरे, दावी, शिंकी, सोल हे सगळे त्यांच्याच हातचे. विहिरीवर मोट चालायची तेव्हा मोटेचा जाड नाडा मातंगाने वळलेला असे आणि मोट ढोर-चांभारांनी कमावलेल्या, शिवलेल्या चामड्याची असे. ती चामड्याची मोट दिवसभर विहिरीच्या पाण्यात बुडत होती. त्या पाण्यावर बागाईत पिकत होती, माणसे पाणी पीत होती. मोट शिवणारा माणूस मात्र त्याच विहिरीला हात लावू शकत नव्हता. कातडे चालत होते, कातडे कमावणारा चालत नव्हता. अस्पृश्यतेला स्वच्छतेचे कारण देणाऱ्याला आपण ही एक मोट दाखवावी.

आणि या कामाचा मोबदला काय? बलुतेदारीत वस्तूला किंमत नव्हती. सुगीला खळ्यावर जाऊन शेतकऱ्याच्या मर्जीने मिळेल ते धान्य घ्यायचे, सणाला शिळेपाके घ्यायचे. किती दोर दिले, किती केरसुण्या दिल्या, याचा हिशेब मांडण्याचा हक्क नव्हता आणि काम नाकारण्याचाही नव्हता. समाजशास्त्राच्या पुस्तकांत ‘परस्परावलंबी ग्रामव्यवस्था’ असे याचे वर्णन वाचायला मिळते. परस्परावलंबन दोन्ही बाजूंना सोडून जाण्याचे स्वातंत्र्य असेल तरच खरे असते. इथे एका बाजूला मागण्याचा हक्क होता आणि दुसऱ्या बाजूला देण्याची सक्ती.

१८५५ मध्ये मुक्ता साळवे या मातंग मुलीने मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि तो ‘ज्ञानोदय’मध्ये छापून आला. फुले दाम्पत्याच्या शाळेत शिकलेल्या त्या मुलीच्या हातात दोराऐवजी लेखणी आली, तेव्हा पहिल्यांदा त्या घरांची बाजू कागदावर उतरली. ‘हस्तकला जपा’ म्हणणाऱ्यांनी हा निबंध जरूर वाचावा.

टोपली आणि जंगल

बांबूची टोपली, सूप, परडी, कणगी हे बुरुड समाजाचे काम. बुरुड महाराष्ट्रात अनुसूचित जातींच्या यादीत आहेत. बांबूच्या वस्तू आज ‘सस्टेनेबल’ म्हणून महागड्या दुकानांत विकल्या जातात. पण बुरुडाचा धंदा कशाने मोडला हे विचारले की लोक एकच उत्तर देतात : प्लास्टिकने. हे अर्धेच खरे आहे. प्लास्टिकने त्याचे गिऱ्हाईक नेले. कच्चा माल त्याआधीच कायद्याने नेला होता.

इंग्रजांनी १८७८ मध्ये आणि पुन्हा १९२७ मध्ये वनकायदा केला. १९२७ च्या कायद्याच्या व्याख्येत बांबू हा ‘वृक्ष’ ठरला. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बांबू गवत आहे. कायद्याच्या दृष्टीने तो झाड झाला, आणि परवान्याशिवाय तो तोडणे व नेणे गुन्हा झाला. बांबू कागद गिरण्यांना सवलतीच्या दराने जात राहिला आणि टोपली विणणाऱ्याला तो चोरासारखा आणावा लागला. रानावरचा लोकांचा हक्क जातो आहे हे जोतीराव फुल्यांनी खूप आधी ओळखले होते. १८८३ च्या ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये त्यांनी जंगल खात्याने गायराने आणि डोंगरदऱ्या बळकावल्याची तक्रार केली आहे. महाराष्ट्रात पर्यावरणाच्या प्रश्नावर लिहिणाऱ्यांनी आपली सुरुवात तिथून धरायला हरकत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूला गौण वनोपज मानले आणि त्यावर जंगलात राहणाऱ्या समाजांचा हक्क मान्य केला. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाला. तरी बांबू वाहतुकीचा परवाना ग्रामसभेच्या हातात यायला २०११ साल उजाडले. जंगलाबाहेरच्या बांबूला ‘वृक्ष’ या व्याख्येतून वगळणारी दुरुस्ती तर २०१७ मध्ये झाली. म्हणजे १९२७ पासून ९० वर्षे.

मेंढ्याचा लढा आदिवासींचा होता आणि तो त्यांनी ग्रामसभेच्या बळावर जिंकला. बुरुडाकडे ना जंगल होते, ना जमीन, ना ग्रामसभेत आवाज. शिंदी, केकताड, पळस हेसुद्धा गायरानात, ओढ्याकाठी, बांधावर उगवतात. ते रान कोणाच्या ताब्यात आहे यावर केरसुणी आणि पत्रावळीचा धंदा अवलंबून असतो. म्हणून दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली १९५९ मध्ये आणि पुन्हा १९६४-६५ मध्ये भूमिहीनांचे जे सत्याग्रह झाले, ते आम्ही पर्यावरणाच्या इतिहासातही मोजतो. जमिनीवर हक्क नसलेल्या कारागिराला ‘निसर्गस्नेही’ म्हणून गौरवणे फुकट असते. त्याला माल कुठून आणायचा ते विचारा.

चप्पल

कोल्हापुरी चप्पल ही यादीतली सगळ्यात महाग वस्तू. बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडे कमावायचे, चामड्याच्याच वादीने शिवायचे, अशी तिची जुनी पद्धत. चामडे कमावणारे ढोर, चप्पल शिवणारे चांभार. रसायने टाळणारी पद्धत म्हणून तिचे कौतुक होते. ज्या कुंडात ते कातडे दिवसेंदिवस भिजते, त्या कुंडापाशी उभ्या राहणाऱ्या माणसाच्या हातांचे, त्या वासाचे, त्या वासावरून त्याच्या मुलांना शाळेत चिडवले जाते त्याचे कौतुक कोणी करत नाही.

२०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले. महाराष्ट्रातल्या कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातल्या चार जिल्ह्यांचा त्यावर हक्क आहे. जून २०२५ मध्ये प्राडा या इटालियन कंपनीने मिलानच्या फॅशन शोमध्ये तशाच चपला दाखवल्या आणि कोल्हापूरचे नावही घेतले नाही. गदारोळ झाल्यावर कंपनीने प्रेरणा कुठली ते मान्य केले. त्या दिवसांत वर्तमानपत्रे ‘मराठी अस्मिता’, ‘भारतीय वारसा’ या शब्दांनी भरून गेली होती. ढोर आणि चांभार हे दोन शब्द त्यात शोधावे लागत होते. चप्पल जगभर गेली की ती सगळ्यांची होते. मेलेले जनावर ओढायची वेळ आली की ते काम एकाच वस्तीचे असते.

ते काम करताना काय होते हे ११ जुलै २०१६ रोजी गुजरातमधल्या उना इथे देशाने पाहिले. मेलेल्या गाईचे कातडे सोलणाऱ्या दलित तरुणांना गोरक्षकांनी गाडीला बांधून मारले. त्यानंतर सुरेंद्रनगरच्या दलितांनी मेलेली जनावरे जिल्हाधिकारी कार्यालयासमोर आणून टाकली. २०१८ मध्ये उनाच्या पीडित कुटुंबाने बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. महाराष्ट्रात २०१५ च्या दुरुस्तीने गोवंश हत्याबंदीत बैल आणि वळूही आले आणि चामडे मिळणे आणखी अवघड झाले. एकीकडे ‘आपला वारसा’ म्हणून चपलेचा अभिमान, दुसरीकडे त्या चपलेच्या कातड्याला हात लावणाऱ्यावर काठी. दोन्ही एकाच समाजातून येतात.

बाबासाहेबांनी काय सांगितले

या सगळ्या इतिहासात बाबासाहेबांनी दैनंदिन वस्तूंकडे किती बारकाईने पाहिले, हे आपण अनेकदा विसरतो. महाडच्या मार्च १९२७ च्या परिषदेत त्यांनी मेलेली जनावरे ओढणे आणि त्यांचे मांस खाणे सोडायला सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये, मनुस्मृती दहनाच्या परिषदेनंतर, त्यांनी महिलांना लुगडे नेसायची पद्धत बदला, जातीची खूण सांगणारे जड दागिने टाका, असे सांगितले. वस्तू बदला, कारण वस्तूवरून तुमची जात ओळखली जाते, हा त्यामागचा विचार होता. १९२८ मध्ये त्यांनी मुंबई कायदेमंडळात वतन कायदा दुरुस्तीचे विधेयक आणले. रात्रंदिवस राबायचे आणि बदल्यात तुकडाभर जमीन व बलुते घ्यायचे, ही वतनाची गुलामी त्यांना मोडायची होती.

त्याच काळात उलट दिशेने दुसरा प्रयत्न चालला होता. १९३४ मध्ये वर्ध्याला गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन केला. हातसडीचा तांदूळ, गुळ, घाणीचे तेल, हातकागद हे त्याचे विषय. आजच्या ‘ग्रीन’ बाजारातल्या कितीतरी वस्तूंचा वैचारिक उगम तिथे आहे. १९३६ मध्ये ‘हरिजन’मध्ये गांधीजींनी आदर्श भंगी कसा असावा यावरही लिहिले. काम घाणेरडे नाही, ते पवित्र माना, असा तो सूर होता. बाबासाहेबांनी १९४५ च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या ग्रंथात याचा खरपूस समाचार घेतला. एका जातीच्या गळ्यात मारलेल्या कामाला पवित्र म्हणणे हा त्या जातीला तिथेच ठेवण्याचा मार्ग आहे, हे त्यांनी दाखवले. यंत्राबद्दलही त्यांची भूमिका स्पष्ट होती : यंत्राने त्रास होत असेल तर दोष यंत्राचा नाही, त्याची मालकी आणि नफा मूठभरांकडे ठेवणाऱ्या समाजरचनेचा आहे. माणसाला विचार करायला, शिकायला, संस्कृती घडवायला फुरसत हवी आणि ती यंत्रच देऊ शकते.

४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत त्यांनी खेड्याला आदर्श मानायला नकार दिला, तोही याच अनुभवातून. आणि १५ ऑक्टोबर १९५६ रोजी, धम्मदीक्षेच्या दुसऱ्या दिवशी, नागपूरच्या भाषणात त्यांनी जुनी आठवण सांगितली. मेलेली जनावरे ओढणे सोडा असे ते म्हणाले, तेव्हा ‘केसरी’त लेख आले होते. कातडे, हाडे, शिंगे यांतून अस्पृश्यांना किती उत्पन्न मिळते आणि ते सोडल्याने किती तोटा होईल, याचा हिशेब त्यांत होता. बाबासाहेबांचे उत्तर सरळ होते : एवढा फायदा असेल तर हे काम तुम्हीच करा आणि फायदाही तुम्हीच घ्या.

हे उत्तर आजच्या हिरव्या बाजारालाही लागू पडते. पारंपरिक कारागिरी इतकी सुंदर आणि मोलाची असेल तर तिच्या प्रशिक्षणाला सगळ्या जातींची मुले का येत नाहीत? डिझाइनर एका जातीचा, दुकानदार दुसऱ्या जातीचा आणि वळणारा, विणणारा, सोलणारा तिसऱ्या जातीचा, ही वाटणी कोणी केली?

म्हणूनच आमच्या वस्त्यांत जर्मनची भांडी आली, पुढे स्टील आले, प्लास्टिकची घागर आली, तेव्हा ती नुसती स्वस्त वस्तू नव्हती. डोक्यावरचे ओझे हलके झाले. पेला घासून ठेवला की त्यावर कोणाच्या जातीचे नाव राहिले नाही. घरातला दोर वळण्याचा धंदा सुटला आणि पोरगा कारखान्यात गेला. ‘लोक जुन्या चांगल्या वस्तू का सोडतात’ या प्रश्नाचे उत्तर यात आहे. लोक वस्तू सोडत नव्हते, त्या वस्तूंना चिकटलेले स्थान सोडत होते.

मग या वस्तू टाकायच्या का?

नाही. इथे आपल्यातल्या काही मित्रांशी आमचा मतभेद आहे. ‘पर्यावरण हा सवर्णांचा शौक आहे’, असे ते म्हणतात. कचरा डेपो कोणाच्या वस्तीशेजारी असतो ते पाहा. तुंबलेल्या गटारात प्लास्टिक काढायला कोण उतरते ते पाहा. हाताने मैला साफ करण्याविरुद्ध १९९३ मध्ये कायदा झाला, २०१३ मध्ये दुसरा झाला, तरी गटारातले मृत्यू थांबलेले नाहीत. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली. तिच्यात बहुसंख्येने दलित महिला आहेत. शहराचा कचरा वेगळा करून पुन्हा वापरात आणणे हे पर्यावरणाचे काम आहे, त्याला ओळखपत्र आणि मोबदला द्या, ही मागणी त्यांनी संघटनेच्या बळावर मांडली. मुंबई-पुण्यातला खरा पर्यावरण कार्यकर्ता शोधायचा तर आधी त्यांच्याकडे जावे लागेल. वापरून फेकलेल्या प्लास्टिकची किंमत आपलेच लोक मोजतात. म्हणून हा आपला प्रश्न आहे.

आणि कमी वस्तूंत जगण्याची एक वेगळी परंपरा आपल्याकडे आहे. विनयपिटकात आनंद आणि कोसंबीचा राजा उदेन यांचा प्रसंग आहे. आनंदाला पाचशे वस्त्रे दान मिळाली. एवढ्यांचे करणार काय, असे राजाने विचारले. आनंद म्हणाला, ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना वाटू. मग जुन्या चीवरांचे? पांघरुणे करू. जुन्या पांघरुणांचे? गादीच्या खोळी. त्याही जुन्या झाल्या की खाली अंथरू, मग पायपुसणी, मग धूळ पुसायची फडकी. शेवटी त्या चिंध्या मातीत मळून त्याने जमीन सारवू. जुन्या साडीची गोधडी शिवणाऱ्या आपल्या आजीला हा प्रसंग समजावून सांगावा लागणार नाही.

मनूचे फुटके भांडे आणि भिक्खूचे मातीचे पात्र, दोन्ही मातीचीच. फरक कुठे आहे? संघात पात्र सगळ्यांचे सारखे होते. शाक्य राजपुत्रांच्या आधी न्हावी उपालीला दीक्षा मिळाली, म्हणजे त्यांना त्याला वंदन करावे लागले. केरकचरा उचलणारा सुनीत थेर झाला. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये या दोघांनाही मुद्दाम स्थान दिले आहे. सगळ्यांनी समजून-उमजून स्वीकारलेला साधेपणा म्हणजे धम्म. एकावर लादलेला आणि दुसऱ्याने कौतुक केलेला साधेपणा म्हणजे जात.

म्हणून कोणतीही ‘ग्रीन’ वस्तू घेताना आम्ही चार प्रश्न विचारतो. ही कोणी घडवली आणि त्याचे नाव दुकानात आहे का? किमतीतला किती भाग त्याच्यापर्यंत पोचतो? कच्चा माल त्याला हक्काने मिळतो का? आणि त्याच्या मुलाला हे काम सोडायचे असेल तर शाळा, शिष्यवृत्ती, दुसरी नोकरी आहे का? चौथा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. ज्याला काम सोडता येते, त्याचेच काम कला असते.

सुरुवात आपल्याच कार्यक्रमांपासून करता येईल. १४ एप्रिल, ६ डिसेंबरची चैत्यभूमी, धम्मचक्र प्रवर्तन दिनाची दीक्षाभूमी, १ जानेवारीचा भीमा कोरेगाव. या दिवशी लाखो लोक येतात आणि पाण्याच्या बाटल्यांचा, थर्माकोलच्या ताटांचा ढीग मागे राहतो. दुसऱ्या दिवशी तो उचलणारा सफाई कामगार बहुतेक वेळा आपलाच भाऊ असतो, आपलीच बहीण असते. अभिवादनाला येताना घरून पेला आणि बाटली आणू. पाण्याची सोय मंडळांनी टाकी आणि नळ लावून करावी. पत्रावळी आणि केरसुण्या थेट कारागिरांकडून घ्याव्यात, घासाघीस न करता, रोख पैसे देऊन आणि त्यांच्या नावाचा फलक लावून. कचरा ओला-सुका वेगळा करायला मंडळाचे कार्यकर्ते स्वतः थांबावेत, आणि त्यात सगळ्या पोटजातींची पोरे असावीत. काम मातंग किंवा वाल्मिकी मित्रांवर ढकलून आपण मंचावर बसलो, तर आपणही तीच व्यवस्था चालवतो.

गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आपण एकदा काढून फेकला आहे. आता ते हातात घ्यायचे असतील तर दोन अटी आहेत : ते आपल्या मर्जीने घेऊ, आणि सगळे मिळून घेऊ.

जय भीम! नमो बुद्धाय!